उडवण्याआधी बांधून बघा : पाण्याच्या रॉकेटचं इंजिन जमिनीवर कसं तपासायचं

कोल्हापुरात इंजिन म्हटलं की माझ्या वयाच्या माणसाच्या डोळ्यांसमोर ऑइल इंजिन येतं. उद्यमनगरात मी एकतीस वर्षं काढली, त्यातली शेवटची बावीस टेस्टिंगला. साडेसहाशे फेऱ्यांचं पाच हॉर्सपॉवरचं इंजिन बेडवर बोल्टांनी आवळायचं, ब्रेक ड्रमवर दोर गुंडाळायचा, दोराच्या एका टोकाला वजनं लटकवायची आणि दुसऱ्या टोकाला स्प्रिंगचा काटा. मग लोड चढवत जायचं, फेऱ्या मोजायच्या, डिझेल किती मिनिटांत किती प्यायलं ते लिहायचं, धुराचा रंग बघायचा आणि शेवटी दहा टक्के जादा लोडवर तासभर पळवायचं. त्यानंतर रंग, मग पॅकिंग.

एका वर्षी मार्चअखेरीला, उसाच्या पाण्याची घाई असताना, एक इंजिन टेस्ट न करता गेलं. भुदरगडकडच्या एका शेतकऱ्याने ते नेलं आणि तिसऱ्या दिवशी ते बेअरिंग धरून बसलं. ऑइलच्या वाटेत फाउंड्रीची वाळू राहिली होती. बेडवर चढवलं असतं तर अर्ध्या तासात बेअरिंगचा ताप हाताला लागला असता. त्या माणसाची पाण्याची पाळी चुकली. तो भांडला नाही, टेम्पोला टेकून नुसता उभा होता. मला तो अजून दिसतो.

म्हणून गेल्या डिसेंबरात नात कोल्ड्रिंकच्या बाटलीचं रॉकेट घेऊन आली आणि तक्रार सांगायला लागली, तेव्हा मी कान देऊन ऐकलं. बाटलीत थोडं पाणी, त्यावर पंपाने दाबून भरलेली हवा; तोंड उघडलं की पाणी जोरात खाली आणि बाटली वर. तपोवनच्या मैदानावर तिने आणि तिच्या वर्गातल्या मुलींनी दोन रविवार ते उडवलं होतं. पहिल्या रविवारी ते नारळाच्या झाडापेक्षा उंच गेलं, दुसऱ्या रविवारी तेवढं गेलंच नाही.

"आबा, पाणी तेवढंच, हवा तेवढीच, बाटली तीच. मग असं का?"

"खाली आणून बांधूया. मग तेच सांगेल."

हवेत गेलेल्या रॉकेटला काही विचारता येत नाही. पाणी अर्ध्या सेकंदात संपतं, बाकीचा प्रवास नुसत्या झोकावर होतो. वारा कुठून होता, पंखे वाकडे होते का, इंजिन कमी पडलं का, सगळं एकमेकांत मिसळून जातं. जमिनीवर घट्ट बांधलं की वारा गेला, पंखे गेले, उरतं फक्त इंजिन. तमिळनाडूत महेंद्रगिरीला इस्रो आपल्या द्रव इंधनाच्या इंजिनांचं हेच करते. आम्ही घरामागच्या फरशीवर केलं. कसं केलं ते सगळं मापासकट खाली देतो.

आधी एक गोष्ट नीट ऐका. इथे फक्त पाणी आणि हवा आहे. सोरा, गंधक, साखर, फटाक्यातली दारू यातलं काहीही नळीत भरून पेटवायचं नाही. परवान्याशिवाय तो गुन्हा आहे, आणि माणसांची बोटं आणि डोळे त्यात गेले आहेत. पाण्याच्या रॉकेटमध्ये शिकण्यासारखं इतकं आहे की त्याची गरजही पडत नाही.

बाटली

बाटली दोन लिटरची, गोल, फसफसणाऱ्या पेयाचीच घ्या. तिला तळाला पाच पाकळ्या असतात आणि ती दाब सोसायलाच बनवलेली असते. साध्या पाण्याची बाटली अजिबात चालत नाही. ओरखडा, चुणी किंवा दुमडल्याची पांढरी रेघ दिसली तर ती बाटली बाजूला टाका.

आपण काम ४ बारवर करणार. पंक्चरवाल्याच्या भाषेत ५८ पौंड. त्याआधी बाटलीची हायड्रो टेस्ट दीडपट दाबावर, म्हणजे ६ बारवर, ८७ पौंडांवर करायची. बाटली तोंडापर्यंत पाण्याने भरा, एक बुडबुडाही आत ठेवू नका. हवा दाबली की स्प्रिंगसारखी ताकद साठवते आणि बाटली फुटली तर ती सगळी ताकद बाहेर पडते. पाणी जवळजवळ दबतच नाही, त्यामुळे पाण्याने भरलेली बाटली फाटली तर फस्स होते आणि संपते. म्हणून पहिली परीक्षा नेहमी भरल्या बाटलीची.

टेस्टच्या आधी बाटलीच्या पोटाला तीन ठिकाणी मार्करने खूण करून शिवणकामाच्या टेपने घेर मोजा. पाच मिनिटं दाब ठेवा, सोडा आणि पुन्हा मोजा. दाबाखाली बाटली थोडी फुगणारच. दाब काढल्यावर ती पहिल्या मापावर यायला हवी. कायमची फुगून राहिली तर ती गेली. आम्ही सहा बाटल्या तपासल्या आणि एक काढून टाकली. ती महिनाभर गच्चीवर उन्हात पडली होती. तिचा घेर तीन मिलिमीटर जास्त राहिला. डोळ्यांना ती बाकीच्या पाचांसारखीच दिसत होती.

स्टँड

आमचा स्टँड ४० मिमीच्या अँगलचा आहे, चार फूट उंच, खाली तळपट्टी, वर आडवी पट्टी. वेल्डिंगवाल्याला अर्धा दिवस पुरतो. वरच्या पट्टीला लोड सेल, म्हणजे जोर मोजणारा धातूचा ठोकळा, त्याला लटकलेला पिंजरा, पिंजऱ्यात बाटली तोंड खाली करून. पाणी तोंडाशी राहायला हवं, म्हणून तोंड खालीच ठेवावं लागतं. रेटा वर लागतो, म्हणजे बाटली लोड सेलला वर ढकलते.

पिंजरा म्हणजे दोन प्लेटा आणि त्यांना जोडणारे ६ मिमीचे तीन स्टड. खालच्या प्लेटीला यू आकाराची खाच आहे, तिच्यात बाटलीच्या मानेची कडी बसते. वरची प्लेट तळावर टेकते. पिंजरा आजूबाजूला कुठेही घासता कामा नये. घासला की रेट्यातला काही भाग स्टँड खातो आणि काट्याला कमी दिसतो. हातात कागदाची पट्टी घ्या आणि चारी बाजूंनी फिरवून बघा, ती मोकळी फिरली पाहिजे.

आता बांधणीबद्दल. इथे मी चुकलो होतो. पहिल्या दिवशी बाटलीचं पूर्ण तोंड उघडं ठेवून टेस्ट घेतली आणि स्टँडच्या तळपट्टीवर आठ विटा ठेवल्या. विचार केला, लहानशी बाटली, काय करणार आहे. हिशोब केला असता तर कळलं असतं. तोंडाचा आतला व्यास साधारण २१.७ मिमी, क्षेत्रफळ ३.७ चौरस सेंटिमीटर. पाण्याच्या झोताचा रेटा दाब गुणिले क्षेत्रफळाच्या दुप्पट असतो. ४ बार म्हणजे चौरस सेंटिमीटरला साधारण ४.१ किलो. गुणाकार करा, तीस किलो होतात. स्टँड विटांसकट उचलला गेला, कलला आणि तुळशी वृंदावनाच्या कठड्यावर आपटला. नात सात मीटर लांब होती. मी पाच मीटरवर होतो, आणि ते चूक होतं.

माझा तर खेळ होता. ३० जून २०२४ ला चीनमध्ये हेनान प्रांतात एका खासगी कंपनीच्या तिआनलाँग-३ या रॉकेटचा पहिला टप्पा जमिनीवर बांधून पेटवला होता. रॉकेट आणि स्टँड यांना जोडणारा भाग तुटला आणि जे बांधून तपासायचं ते आकाशात गेलं, दीडेक किलोमीटरवरच्या डोंगरात पडून पेटलं. इंजिनं ठीक चालली होती, बांधणी सुटली होती.

त्यानंतर आम्ही काँक्रीटमध्ये चार अँकर बोल्ट मारून तळपट्टी आवळली. जिथे बोल्ट मारता येत नाहीत तिथे वाळूची चार पोती टाका, पण प्रत्येक पोतं तळपट्टीवर आडवं पडलं पाहिजे. माझा नियम असा की हिशोबाने येईल त्याच्या पाचपट रेटा स्टँडने सोसावा. तीन बाजूंनी १२ मिमीचं प्लायवूड उभं करा. चौथी बाजू भिंतीकडे ठेवा, माणसांकडे नको.

तोंडाचं भोक आणि पिन

पूर्ण तोंडाने पाणी दहावा हिस्सा सेकंद व्हायच्या आत संपतं. एवढ्यात काट्याला काहीच नीट लिहिता येत नाही. म्हणून मोजायला ९ मिमीचं भोक ठेवा. क्षेत्रफळ ०.६३६ चौरस सेंटिमीटर. हिशोबाने सुरुवातीचा रेटा ५.२ किलो, आणि ६०० मिली पाणी साधारण ०.४ सेकंद पुरतं.

नायलॉनच्या गोल बारचा तुकडा लेथवर काढून घ्या. त्याची चकती बाटलीच्या तोंडावर रबरी वॉशर घालून बसते आणि झाकणाला मोठं भोक पाडून झाकणानेच ती आवळली जाते. मी उद्यमनगरात ओळखीच्या एका पोराकडे गेलो. त्याने विचारलं, "मेस्त्री, नुसतं भोक मारून देऊ काय?" मी म्हटलं, दे. दुसऱ्या दिवशी त्याच्याकडेच परत जायला लागलं. ते पुढे सांगतो, कारण सगळ्यात जास्त आम्ही तिथेच शिकलो.

भोक बंद ठेवायला खालून पितळी पिन घाला. पिनेला ओ-रिंग, म्हणजे गळती रोखणारी रबरी कडी, आणि पिन आतून पोकळ, तिच्यातूनच हवा भरायची. पिन खाली सुटू नये म्हणून तिच्याखाली बिजागरीची पट्टी, आणि पट्टी अडवायला एक खिळा. खिळ्याला सायकलच्या ब्रेकची केबल. सात मीटरवरून केबल ओढली की खिळा निघतो, पट्टी पडते, पिन खाली जाते, झोत सुरू. पट्टी स्टँडला जोडायची, पिंजऱ्याला नाही. का ते थोड्या वेळात कळेल. पिन जिथे आपटते तिथे टायरचा तुकडा टाका.

हवेची नळी पिनेपासून थेट जमिनीवर नेऊ नका. आधी ती स्टँडच्या माथ्यावरून वर घ्या, मग खाली सोडा आणि पंपाकडे न्या. असं केलं की बाटलीतलं पाणी नळीत बाटलीतल्या पातळीपर्यंतच चढतं आणि थांबतं, पंपाकडे येत नाही. मधे झडप लागत नाही. झडप नाही म्हणून पंपाजवळचा मीटर बाटलीतलाच दाब दाखवतो. आणि केबल अडकली, खिळा निघाला नाही, तर पंपाजवळचा कॉक उघडून सगळा दाब लांबूनच सोडता येतो. हा कॉक नसेल तर टेस्ट करू नका. भरलेल्या बाटलीजवळ जायची वेळ कुणावरही येता कामा नये.

काटा

स्प्रिंगचा काटा इथे उपयोगाचा नाही, त्याचा काटा हलेपर्यंत पाणी संपतं. २० किलोचा ॲल्युमिनियमचा लोड सेल घ्या. त्यावर बाणाची खूण असते, ती जोर लागायची दिशा. त्याच्यासोबत सेलचा संदेश आकड्यांत बदलणारं एचएक्स ७११ नावाचं छोटं बोर्ड आणि ते आकडे लॅपटॉपला देणारा एक आर्डुइनो, म्हणजे तळहाताएवढा छोटा संगणक. नातीच्या वर्गातल्या दोन मुलींनी याचा प्रोग्राम एका संध्याकाळी लिहिला.

पहिल्या टेस्टला काट्याने फक्त चार आकडे दिले. कुणाला कळेना. मग कळलं की हे बोर्ड नेहमी सेकंदाला १० आकडे द्यायच्या बेताने जोडलेलं येतं. चिपचा पंधरावा पाय ग्राउंडला जोडलेला असतो. तो पाय अलगद उचलून शेजारच्या सोळाव्या पायाला झाळला की सेकंदाला ८० आकडे येतात. मोबाइल दुरुस्तीवाल्याने पाच मिनिटांत करून दिलं. ०.४ सेकंदात आता बत्तीस आकडे मिळायला लागले. एक लक्षात ठेवा. जोर अचानक बदलला की या चिपला स्थिरावायला चार आकड्यांइतका वेळ लागतो. पिन सुटल्यानंतरचे पहिले चार आकडे हिशोबात धरायचे नाहीत.

लोड सेल स्वतःहून किलो सांगत नाही, त्याला शिकवावं लागतं. किराणा दुकानातून शिक्क्याची वजनं आणा, १, २ आणि ५ किलोची. सेल उलटा धरून, म्हणजे ज्या दिशेने बाटली ढकलणार त्याच दिशेने वजन लागेल असा धरून, एकेक वजन चढवा आणि आकडा लिहा. मग त्याच क्रमाने उतरवत पुन्हा लिहा. चढताना आणि उतरताना आकडे जुळले नाहीत तर सेलचे बोल्ट ढिले आहेत किंवा सेल कशाला तरी टेकतो आहे. आमच्याकडे वायर पट्टीखाली चिमटली होती. एवढ्याने दोनशे ग्रॅमचा फरक पडत होता.

टेस्टचा दिवस

सकाळी लवकर घ्या. ऊन चढलं की बाटली नरम पडते.

आदल्या रात्री मर्यादा वहीत लिहून ठेवा आणि सकाळी त्यात काही बदलू नका. आमच्या अशा होत्या : दाब ५८ पौंड, ६२ झाला तर कॉक उघडायचा. दाब भरून एक मिनिट थांबायचं, दोन पौंडांपेक्षा जास्त उतरला तर गळती आहे, टेस्ट रद्द. कुणीही दोरीच्या आत आलं तर टेस्ट रद्द, मग ते शेजारचं मांजर का असेना.

मर्यादा ठरवणं हे स्वतंत्र काम आहे. १६ जानेवारी २०२१ ला अमेरिकेत स्टेनिस केंद्रावर नासाने एसएलएस रॉकेटच्या मुख्य टप्प्याची चार इंजिनं एकत्र पेटवली. आठ मिनिटं चालवायची होती, सदुसष्टाव्या सेकंदाला संगणकाने बंद केली. इंजिनाची दिशा फिरवणाऱ्या हायड्रॉलिकची मर्यादा या टेस्टपुरती मुद्दाम कडक ठेवली होती, ती ओलांडली गेली. त्यांनी आकडे तपासले, मर्यादा सुधारली आणि १८ मार्चला तीच इंजिनं ४९९ सेकंद चालवली. मला त्यांचं वागणं पटतं. मर्यादा चुकीची वाटली तरी टेस्ट चालू असताना तिच्याशी वाद घालायचा नाही. आधी थांबायचं, मग बसून विचार करायचा.

पहिली फेरी कोरडी घ्या, पाणी नाही, हवा नाही, फक्त केबल ओढून पट्टी पडते का ते. दुसरी पाणी घालून पण बिनहवेची. तिसरी १ बारवर, चौथी २ बारवर. मग ४ वर या. ही चाल मोठ्यांचीही आहे. इस्रोचं २,००० किलोन्यूटन रेट्याचं सेमीक्रायोजेनिक, म्हणजे केरोसीन आणि अतिथंड द्रव ऑक्सिजनवर चालणारं, इंजिन घडतं आहे. १ जुलै २०२३ ला महेंद्रगिरीत त्याच्या अर्ध्या जुळणीची टेस्ट अवघ्या साडेचार सेकंदांची ठरवली होती. १.९ सेकंदांपर्यंत सगळं ठरल्याप्रमाणे चाललं, मग टर्बाइनचा दाब अचानक चढला, फेऱ्या पडल्या आणि टेस्ट तिथेच थांबवली. २८ मार्च २०२५ ला अडीच सेकंदांची टेस्ट नीट पार पडली. अडीच सेकंदांसाठी एवढी वाट बघणारी माणसं मला माझ्या बेडवरची वाटतात.

माणसं दोनच. एक पंप आणि केबलला, एक लॅपटॉपला. दोघांनाही चष्मे. बाकीचे दोरीमागे. लॅपटॉपवाल्याने "काटा चालू" म्हटल्याशिवाय केबलला हात लावायचा नाही. आमच्याकडे नात लॅपटॉपला बसते आणि तिच्या शब्दाशिवाय मी केबल ओढत नाही.

पिन सुटायच्या आधीचा आकडा

पिन अजून जागेवर आहे, पाणी सुटलेलं नाही, तरी दाब चढेल तसा काट्यावर आकडा चढताना दिसतो. पहिल्यांदा बघून पोरं घाबरली. घाबरायचं कारण नाही. पिनेला स्टँडने धरून ठेवलं आहे, बाटलीने नाही. म्हणून पिनेच्या क्षेत्रफळाइतका दाब बाटलीला वर ढकलतो. ४ बारला हा आकडा २.६ किलो यायला हवा, २ बारला १.३. पट्टी स्टँडला जोडा म्हटलं ते याचसाठी. दाबाचा मीटर काय म्हणतो ते काट्याने पडताळून बघता येतं.

नातीच्या प्रश्नाचं उत्तर इथेच मिळालं. आमच्या घरच्या पंपाने ५८ पौंड भरले तेव्हा काट्यावर २.६ आलं. मग पहिल्या रविवारी वापरलेला, शेजाऱ्यांकडून मागून आणलेला पंप लावला. मीटरवर ५८ झाले आणि काट्यावर ३.१. नातीने तिथेच वहीत भागाकार केला. ३.१ किलो म्हणजे बाटलीत ६९-७० पौंड होते. त्या पंपाचा मीटर अकरा पौंड कमी दाखवत होता. दुसऱ्या रविवारी त्यांनी घरचा पंप नेला होता. रॉकेट कमी उडालं नव्हतं, पहिल्या रविवारी जास्त उडालं होतं. त्या दिवशी सगळ्या मुलींनी बाटलीभोवती कोंडाळं करून, हायड्रो टेस्ट न केलेल्या बाटलीत सत्तर पौंड भरले होते आणि उंची बघून टाळ्या वाजवल्या होत्या. नात बराच वेळ काही बोलली नाही. मीही नाही.

त्या पंपाच्या मीटरवर आता लाल रंगाने फुली आहे. शेजाऱ्यांना जाऊन सांगितलंही. तुमच्याकडे दोन पंप असतील तर आजच एकाच टायरवर दोन्ही लावून बघा.

आलेख वाचताना

नुसतं भोक मारलेल्या चकतीची टेस्ट घेतली. ५.२ ची अपेक्षा होती. पहिले चार आकडे सोडले आणि तोवर आतला दाबही थोडा उतरतो हे धरलं, तरी साडेचारच्या आसपास यायला हवं होतं. आलं २.९. तीन वेळा घेतली, तीन वेळा तेच.

मीटर बरोबर, काटा बरोबर, बांधणी बरोबर. मग उरलं भोक. चकती हातात घेऊन बघितली तर आतल्या बाजूची कड ब्लेडसारखी धारदार. पाणी चारी बाजूंनी भोकाकडे धावत येतं आणि धारदार कडेवरून त्याला एकदम वळता येत नाही. ते आत आकसतं आणि झोत भोकापेक्षा बारीक होतो. ९ मिमीच्या भोकातून जणू ७ मिमीचाच झोत निघतो. कालव्याच्या मोरीशी पाणी शिरताना उभं राहून बघा, हेच दिसतं.

त्या पोराकडून मग १२ मिमी जाड चकती करून घेतली, आतल्या कडेला ५ मिमीची गोलाई, सँडपेपरने गुळगुळीत. भोक तेच, ९. पुन्हा टेस्ट. ४.४ किलो.

पोरांनी उड्या मारल्या. पण आलेख पुरा बघायला लागतो. धारदार कडेच्या टेस्टला पाणी सव्वासहा दशांश सेकंद पुरलं होतं, गोलाईच्या टेस्टला चार दशांश. आलेखाखालचं क्षेत्रफळ मोजा, म्हणजे प्रत्येक आकडा आणि त्याचा वेळ गुणून बेरीज करा. याला आवेग म्हणतात. दोन्हीकडे पाण्याचा आवेग साधारण १४ न्यूटन-सेकंद निघाला. पाणी तेवढंच, त्याचा वेगही जवळजवळ तेवढाच, मग एकूण ढकलही तेवढीच. गोलाईने ढकल वाढली नाही, ती लवकर आणि जोरात मिळाली. फायदा असा की रॉकेट जमीन सोडतानाच वेगात असतं, वाऱ्याने कमी वळतं, आणि स्वतःचं वजन पेलण्यात वेळ कमी जातो. सर्वांत मोठा आकडा बघून खूश होणारा टेस्टर अर्धवट असतो, हे मी ऑइल इंजिनावर शिकलो आणि नात बाटलीवर.

क्षेत्रफळ मोजताना दोन गोष्टी सांभाळा. पाणी गेल्यावर पिंजरा ६०० ग्रॅमने हलका होतो, म्हणून काटा शेवटी शून्यावर येत नाही, ०.६ वर थांबतो. ती वजावट सुरुवातीपासून शेवटपर्यंत हळूहळू वाढत जाणारी धरा. दुसरं, पाणी संपल्यावर आलेखाला एक पायरी आणि मग छोटी शेपटी दिसते. ती उरलेल्या हवेची. ती वेगळी लिहा.

एका टेस्टने काही ठरवू नका. प्रत्येक चकतीच्या किमान पाच घ्या. गगनयानसाठी सीई-२० इंजिन माणसं नेण्यालायक ठरवताना इस्रोने चार इंजिनांवर मिळून ३९ वेळा जाळून चाचण्या घेतल्या, एकूण ८,८१० सेकंद. किमान ६,३५० सेकंद पुरले असते. शेवटची फेरी १३ फेब्रुवारी २०२४ ला महेंद्रगिरीत झाली. आणि एवढं करूनही उडायच्या क्षणी पुन्हा बघतात. २८ मार्च २००१ ला इस्रोच्या जीएसएलव्ही रॉकेटचं पहिलं उड्डाण ठरलं होतं. त्यात बाजूची चार द्रव इंधनाची इंजिनं आधी पेटतात, मधलं घन इंधनाचं नंतर, कारण ते एकदा पेटलं की विझवता येत नाही. चारांतल्या एकाने पुरेसा रेटा दिला नाही. संगणकाने ते त्या काही सेकंदांत ओळखलं आणि सगळं बंद केलं. यान जागेवरच राहिलं, दुरुस्त झालं आणि १८ एप्रिलला उडालं.

वहीत प्रत्येक टेस्टची एक ओळ ठेवा : तारीख, बाटलीचा नंबर, ही तिची कितवी फेरी, पाणी, मीटरचा दाब, पिन सुटायच्या आधीचा आकडा, सगळ्यात मोठा आकडा, वेळ, आवेग आणि काही वेगळं दिसलं असेल तर ते. फसलेल्या टेस्टची ओळही लिहा, खोडू नका. आमच्या वहीत तुळशी वृंदावनाचीही ओळ आहे, नातीच्या अक्षरात, आणि मी कुठे उभा होतो तेही तिने लिहिलं आहे.

एका बाटलीवर पंधरा फेऱ्या, त्यापुढे नाही, मग ती कितीही चांगली दिसो. पंधरावी झाली की त्याच जागी कात्रीने मधोमध कापायची, म्हणजे कुणी चुकून पुन्हा हवा भरणार नाही. खालचे अर्धे भाग आमच्याकडे भिंतीशी ओळीने लावले आहेत, नंबर अजून त्यांच्यावर आहेत. एक, दोन आणि पाच नंबरमध्ये सध्या मिरचीची रोपं आहेत.